सरांनी सांगितलं म्हणून

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या हिंगोलीत माणसं शिंकायला लागतात. मळणीयंत्रं शिवारात असतात, पण भुसा गावभर असतो. खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, स्कूटरच्या सीटवर, फळ्याच्या चौकटीवर पिवळट धूळ बसते. सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं आणि दुपारी ऊन असं तापतं की पंखाही गरम वारा फेकतो. रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागतात. मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे निघालेल्या ट्रॉल्यांत पोत्यांवर माणसं खुशाल आडवी झालेली दिसतात. लोकांना हा हंगाम आवडतो. मलाही फार आवडायचा. गेली तीन वर्षं मात्र पहिली शिंक आली की मला एक मुलगी आठवते आणि मी स्वतःवर चिडतो. स्वतःवर चिडलो की वर्गात उगाच कुणालातरी बोलतो. मुलांना वाटतं, सरांना धुळीचा त्रास आहे.

मी गणित शिकवतो. संगणक शाखेच्या मुलांनाही गणित लागतं, म्हणून त्या विभागात मला एक खुर्ची मिळालेली आहे. संगणकाशी माझा संबंध तेवढाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच ते विसरलो होतो. त्या साली श्रावणात मी टॅब घेतला. काळा, पातळ, सोबत पांढरं पेन. नवी पाटी मिळाल्यावर पहिलीतलं लेकरू ती जशी मिरवतं, तसा मी तो मिरवत होतो. हजेरी टॅबवर घ्यायची. गणितं टॅबवर सोडवायची आणि भिंतीवर दाखवायची. स्टाफरूममध्ये तो पिशवीत न ठेवता टेबलावर मधोमध ठेवायचा, म्हणजे येणारा विचारील, "काय सर, नवीन का?" कुणी नाहीच विचारलं तर मी पेन खाली पाडायचो. वय वर्षं अठ्ठेचाळीस. हे लिहितानाही कान गरम होतात.

पल्लवी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. जवळा बाजारची. वडिलांची तिथं पिठाची गिरणी. रोज एसटीनं औंढ्यावरून हिंगोलीला यायची, पाठीवर लॅपटॉप घेऊन. तो तिच्या मामेभावानं वापरून वापरून दिलेला होता. बिजागरी तुटलेली, त्यामुळे पडद्याला मागून वह्यांची टेकण द्यावी लागे. चालू करून ती पाण्याची बाटली भरायला जायची. ती येईपर्यंत तो कसाबसा उठायचा. वायर काढली की मान टाकायचा. पण रडतखडत का होईना, प्रोग्राम लिहून घ्यायचा आणि चालवूनही दाखवायचा. प्रॅक्टिकलला पल्लवी पहिली असायची, ती त्याच लॅपटॉपवर.

दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी ती माझ्याकडे आली. मी कॉलेजच्या आवारातल्या लिंबाच्या पारावर बसून टॅबवर काहीतरी खरडत होतो. खरं तर सावलीत बसून लोकांना दिसत होतो.

"सर, बाबा दसऱ्याला नवीन घेऊन देतो म्हणले. लॅपटॉपच घेऊ का ट्याब? तुमचा पाहून मी विचारून राहिले."

माझा पाहून! मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. तिला समोर बसवलं आणि टॅबवर तक्ता आखला. एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला टॅब. खाली एकेक ओळ. वजन. बॅटरी. एसटीत मांडीवर धरणं. लाइट गेल्यावर. वहीसारखं लिहिणं. दिसायला. प्रत्येक ओळीत टॅबपुढे बरोबरची खूण करताना ते पांढरं पेन इतकं सुरेख चालत होतं की मला आणखी ओळी सुचत गेल्या. लॅपटॉप एकाही ओळीत जिंकला नाही. "त्याला कीबोर्ड लाव, झाला लॅपटॉप," मी म्हणालो. "लॅपटॉपचा जमाना गेला आता."

तिनं तक्ता नीट वाचला. मग हळूच म्हणाली, "एकदा शेख सरांना विचारून घेऊ का?"

शेख सर आमच्याकडे प्रोग्रामिंग शिकवतात. कमी बोलतात, बोलतात ते खरं बोलतात. मी म्हणालो, "त्यांना काय विचारतेस? मी वापरून राहिलो ना."

"मग जुना ठेवू का घरी? लागला तर?"

"कशाला अडगळ? बदल्यात देऊन टाक."

त्या तक्त्यात एक ओळ नव्हती. हिला ज्या विषयाची पदवी घ्यायची आहे त्याचं काम यावर होतं का, ही. गणिताच्या माणसानं, बावीस वर्षं मुलांना 'दिलेलं काय आणि काढायचं काय ते आधी लिहा' असं ओरडून सांगणाऱ्या माणसानं, काढायचं काय हेच लिहिलं नव्हतं. मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटका होत नाही. माहीत नव्हतं, तर माहीत असलेल्या माणसाकडे ती निघाली होती. तिला मी अडवलं. का, तर माझं बसलेलं आसन हलू नये म्हणून.

खंडेनवमी झाल्यावर तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. गिरणीच्या चाकाला झेंडूचा हार, पुढं तराजू, पाने, पेचकस, आणि त्या सगळ्यांच्या रांगेत नवाकोरा टॅब. त्याच्यावरही हळदकुंकू, एक फूल. "बाबा म्हणले, तुझं हत्यार हेच," ती हसत म्हणाली. मीही हसलो. त्या फोटोबद्दल मी दोन-तीन जणांना सांगितलंसुद्धा, की बघा, आपल्या सांगण्यावरून मुलं कशी पुढं जाऊन राहिलीत.

आमच्या भागात 'सर' हा शब्द फार जड आहे. डॉक्टरला लोक दोन प्रश्न विचारतात, वकिलाला चार विचारतात, दुकानदाराशी तर तासभर हुज्जत घालतात. सरांना विचारत नाहीत. 'सरांनी सांगितलं' म्हटलं की घरातली चर्चा मिटते. पोरीनं कोणती शाखा घ्यावी, पुतण्यानं भरतीला जावं का, एवढंच काय, बोअर कुठं पाडावी हेसुद्धा मला लोकांनी विचारलंय. आणि मी सांगितलंय. बोअरला पाणी लागलं, हे माझं नशीब.

दसऱ्यानंतर आठवडाभरात ती पुन्हा आली. चेहरा उतरलेला. "सर, ते सॉफ्टवेअर ह्याच्यात चढत न्हाई. दुसरं एक चढलं, पण त्याच्यात आपला प्रोजेक्ट चालत न्हाई."

"होतं गं. नीट शोध. सगळं होतं," मी म्हणालो आणि वर्गावर निघालो. संध्याकाळी घरी मी माझ्या टॅबवर तेच करून पाहिलं. दोन तास खटपट केली. झालं नाही. म्हणजे त्या संध्याकाळी मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेख सरांना गाठून 'माझ्याकडून चूक झाली, या मुलीची काहीतरी सोय करू' म्हणायला मला कुणी नको म्हटलं नव्हतं. मी म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी पल्लवी समोरून येताना दिसली तेव्हा मी फोन कानाला लावला. पलीकडे कुणीही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रॅक्टिकलच्या वह्या आणि प्रोजेक्ट जमा व्हायचे होते. पल्लवीनं सगळा प्रोग्राम वहीत हातानं लिहून आणला होता, चाळीसेक पानं, सुवाच्य. पण चालवून दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं, जुना लॅपटॉप बदल्यात गेला होता. मैत्रिणी आपल्याच कामात. लॅब सुटली की तिला औंढ्याची एसटी धरायची घाई. शेख सरांना चैन पडेना, त्यांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं.

माणिकराव आले तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो, शेख सर आणि मी. धुतलेला पांढरा सदरा, पण भुवयांवर आणि कानांच्या कडांना पीठ. मागं पल्लवी. माझा टॅब माझ्यासमोर टेबलावर.

"ही पोरगी प्रॅक्टिकलला पहिली राहायची, माणिकराव," शेख सर म्हणाले. "लिहून आणलंय बराबर, पण चालवून दाखवता येईना. ट्याबवर हे काम होतच नाही. कुणी घ्यायला लावला?"

"सरांनी सांगितलं म्हणून घेतला की," माणिकराव म्हणाले. "असं म्हणली ही. कोन्या सरांनी ते न्हाई इचारलं. सर म्हणल्यावर काय इचारायचं?"

बाहेर मोंढ्याकडे जाणारा ट्रॅक्टर आवारावरून गेला, त्याचा आवाज येऊन लांब गेला. तेवढा वेळ मला मिळाला होता. वाक्यही तयार होतं: मी सांगितलं. दोन शब्दांचं वाक्य. मी पेनाचं टोक बघत बसलो, जणू ते बिघडलंय.

"न्हाई बाबा," पल्लवी म्हणाली. "कोन्याच सरांनी न्हाई सांगितलं. मी खोटं बोलले. मलाच पाह्यजे होता."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. म्हणजे तेही तिच्याच अंगावर ढकलत होतो. तिनं मला का वाचवलं ते मला आजही कळत नाही. आदर म्हणून असेल. किंवा तिचे अंतर्गत गुण माझ्या हातात होते म्हणून असेल. पहिलं असेल तर मी त्याला लायक नव्हतो. दुसरं असेल तर मला त्याची जास्त लाज वाटते.

आणि माणिकरावांनी काय करावं? लेकीवर हात उगारला नाही, ओरडले नाहीत. आम्हा दोघांपुढं हात जोडले. "माफी करा सर. पोरीनं तुमच्या नावानं खोटं सांगितलं. तुमाला तकलीफ झाली." मी मान हलवली. माफ केल्यासारखी! शेख सरांनी एकदा माझ्या टॅबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "झालं ते झालं. उद्यापासून सकाळी लवकर ये पल्लवी, मी लॅब उघडून ठेवतो." त्यांनी ठेवलीही, कॉलेज भरायच्या आधी दीड तास येऊन. तिचं काम पूर्ण झालं, गुण कमी पडले पण वर्ष वाचलं. शेख सरांनी मला त्याबद्दल आजतागायत एक शब्द विचारलेला नाही.

बोलायच्या संधी नंतर काय कमी आल्या? निकालाच्या दिवशी माणिकराव पेढे घेऊन आले होते. निरोप समारंभाला आले होते. पल्लवी तर गणित अडलं की पूर्वीसारखीच माझ्याकडे यायची, वहीचं पान उघडून समोर ठेवायची, कुठं काही मनात ठेवलंय असं वाटू द्यायची नाही. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता जुनं झालं, कशाला उकरायचं. जुनं माझ्यापुरतं झालं होतं. तिच्या घरी ते रोज ताजं होतं, हे मला यंदा कळलं.

यंदा पहिल्या वर्षाला कोमल नावाची मुलगी आहे. मागच्या आठवड्यात भुश्यानं सगळा वर्ग शिंकत होता, तास काही जमेना, म्हणून मी एकेकाला गाव विचारत बसलो. "जवळा बाजार," ती म्हणाली. "मी पल्लवीताईची लहान बहीण, सर."

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. पल्लवी काय करते?

"घरीच हाय. पुण्याला नोकरी लागली तिला, परीक्षा देऊन, मुलाखत देऊन. दिवाळी झाली की बोलावलंय. पण बाबा न्हाई म्हणून राहिले."

"काहून?"

"बाबा म्हणतात, हिची निवड आपण पाहिली. सरांचं नाव सांगून ट्याब घेतला, आता नोकरी खरी कशावरून?" आणि मग कोमल हसली. तिच्यासाठी ती घरातली जुनी गंमत होती. "आमच्या घरी ताईला ट्याबवाली म्हणतात सर. तिनं भाजी आणली तरी आजी म्हणते, ट्याबवालीनं आणली का, मग नीट पाहून घ्या. आत्याच्या लग्नात साडी बी तिला नव्हती निवडू दिली."

"आणि तो टॅब?"

"आजी त्याच्यावर कीर्तन ऐकते."

मी घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोला तीन वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती वाती वळत होती. तिनं मला बोल लावला नाही, खरं तर मला तो बोलच हवा होता. शेवटी म्हणाली, "मग जाऊन सांगून या ना. घरात फेऱ्या काहून मारून राहिले?"

बाजाराच्या दिवशी गेलो. जवळा बाजारला उतरलो तर रस्ताभर कापसाच्या गाड्या, कांद्याचे ढीग, भजी तळल्याचा वास, माणसाला माणूस घासून चाललेलं. वाटेत चार वेळा वाटलं, आज गर्दी आहे, परत फिरावं. गिरणी चालू होती. दाराशी डबे घेऊन चार-पाच बाया बसलेल्या. मागच्या बाजूला घराचं दार. माणिकरावांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला, त्यानंच माझा निम्मा धीर गेला.

"माणिकराव, तो टॅब मी सांगितला होता," मी म्हणालो. गिरणीच्या आवाजात त्यांना काहीच ऐकू गेलं नाही. मी ओरडून म्हणालो. तरी नाही. त्यांनी बटण बंद केलं, पट्टा फिरत फिरत थांबला, आणि एकदम इतकं शांत झालं की बायांनीही बोलणं थांबवलं. मग त्या शांततेत मला तेच पुन्हा म्हणावं लागलं.

सगळं सांगितलं. लिंबाचा पार, तक्ता, शेख सरांकडे जाऊ न देणं, स्टाफरूममधलं गप्प बसणं. "पल्लवी खोटं बोलली नव्हती. खोटा मी होतो."

माणिकराव ऐकत होते. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, उतरलं ओझं. त्यांनी उपरण्यानं हात पुसले आणि म्हणाले, "सर, तुमचं मन लई मोठं हाय."

"म्हणजे?"

"पोरीची नोकरी अडू न्हाई म्हणून तुमी सोताच्या अंगावर घेऊन राहिले. इतक्या लांबून आले. मला कळत न्हाई व्हय?"

"अहो, मी खरं सांगतोय."

"व्हय, व्हय." ते बायांकडे वळले. "पाहा. याला म्हणतात सर."

घराच्या दारात पल्लवी येऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. मी तिला म्हणालो, "सांग ना तू तरी."

"बाबा, सर खरं बोलून राहिले," ती म्हणाली.

"आता सर तुझ्यासाठी बोलून राहिले म्हणल्यावर तू व्हयच म्हणशील की." ते हसले, आणि मग गंभीर होऊन माझ्याकडे सरकले. "तुमीच सांगा सर. धाडू का न्हाई पुण्याला?"

"मला नका विचारू. तिला विचारा. तिनं सगळं पाहिलं असेल."

"पाहिलंय सर," पल्लवी म्हणाली. "काम काय, राहायचं कुठं, सोबत कोण. आपल्या कॉलेजची एक ताई तिथंच हाय, तिच्याशी बोलले. कागद बी दाखवला बाबांना."

"तिला इचारून काय करू सर?" माणिकराव म्हणाले. "तुमी म्हणताल तसं."

मी पल्लवीकडे पाहिलं. या वेळी तिनंही माझ्याकडे पाहिलं. मी 'मला विचारू नका' यावर अडून बसलो असतो तर मी शुद्ध झालो असतो आणि ती घरी राहिली असती. माझ्या ज्या शब्दाला किंमत उरायला नको होती, तोच पुन्हा काढून मला समोर ठेवावा लागला.

"पाठवा," मी म्हणालो.

"झालं तर मग!" दोन महिने ज्याच्यासाठी ती घरात भांडत होती ते एका शब्दात झालं. माणिकराव म्हणाले, "पल्लू, पाया पड सरांच्या." आणि त्यांनी आनंदानं बटण दाबलं. बायांचा खोळंबा झाला होता.

मी मागं सरकायला पाहिलं, तर मागं दळणाचे डबे. ती वाकली. मी "सुखी राहा" म्हणालो, दुसरं काही आलंच नाही. उठताना ती माझ्या कानाजवळ आली, बापाला ऐकू जाणार नाही इतक्या जवळ. आवाजात राग नव्हता.

"तवा तुमी बोलले असते सर, तर आज मला माझ्या शब्दावर जाता आलं असतं."

मी काहीतरी बोललो असेन, पण गिरणीच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही. ती चहा ठेवायला आत गेली.